चौदावी गाडी

घनश्यामनं जाड कागद ब्रेलच्या पाटीतून काढला, उलटवला आणि सातव्या ओळीतली उठलेली टिंबं अंगठ्याच्या नखानं एकेक करून सपाट केली. 'बोरधऱ्याहून, सकाळी दहा, रोज.' एवढंच होतं तिथं.

बी.एस्सी. होऊन आर्वीच्या अंधशाळेत लागल्याला त्याला वर्षही झालं नव्हतं. लागणारी माहिती मुलांना आपल्या बोटांनी काढता यावी, म्हणून येणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक त्यानं डेपोतल्या फळ्यावरून उतरवून आणलं होतं. चौदा गाड्या. सकाळी वर्गात तसं सांगूनही बसला होता.

बोरधरा हे आठवीतल्या नलूचं गाव. रविवार शाळेत भेटीचा दिवस. इतरांची माणसं येत. नलूचे वडील, रूपराव, फक्त सुट्ट्यांना न्यायला येत आणि दर वेळी म्हणत, "रईवारी आपल्या गावाची येष्टी बंद रायते ना, बेटा." नलूही सगळ्यांना तेच सांगे, काहीशा तोऱ्यात. तिच्या बाबांना फक्त गाडीनं अडवलं होतं.

दुपारी कागद वर्गात फिरला. कुठलीही यादी हाती आली की आधी ओळी मोजायच्या, मग वाचायचं, हे त्यानंच शिकवलं होतं.

"सर, चवदा गाड्या म्हनल्या होत्या ना तुमी?" नलू म्हणाली. "तेराच हायेत."

"एक राहिली असेल."

"सरले शून्य मार्क," कमला म्हणाली. पोरी हसल्या.

नलूचं बोट सहाव्या ओळीखालच्या रिकाम्या जागेवर फिरत होतं. "राह्यली नाई. इथं होतं काई. दाबलं कोनं तरी."

"चुकलं होतं."

"मंग बराबर लिवून द्या."

तिथं दुसरं कुठलंही गाव टोचता आलं असतं. डेपोतला फळा तिला कधीच दिसणार नव्हता. घनश्यामनं कागद पुन्हा पाटीत बसवला, थोडा वेळ टोचणी नुसतीच धरून ठेवली, आणि मग तीच ओळ टोचली.

नलूनं ती वाचली. बोट 'रोज'वर थांबलं, मागं गेलं, पुन्हा तिथंच आलं.

"सापडली का?" कमलानं विचारलं.

"सापडली."

तास संपला, पोरी गेल्या. टिंबं दबू नयेत म्हणून नलूनं कागद दोन्ही हातांवर आडवा धरून आणला आणि त्याच्या टेबलावर ठेवला.

"सर, दिवाळीले बाबा येतीन न्यायले."

"हो."

"त्यायले सांगू नोका."

"काय?"

"मले हे वाचता येते म्हून."