ब्यूकला गिऱ्हाईक

विल्मा कॉफीचे दोन कप घेऊन बाहेर आली तेव्हा दातांचा डॉक्टर आपल्या गाडीचं दार लावून घेत होता. तिला बघून त्यानं हात वर केला. तो निरोप होता की 'हात टेकले' म्हणून, तिला कळलं नाही. गाडी खडीवरून मागे गेली, रस्त्याला लागली आणि उभ्या मक्याआड दिसेनाशी झाली.

गेरिट गॅरेजच्या दारात पिवळं फडकं घेऊन ब्यूकच्या दिव्याभोवतीची क्रोमची कड पुसत होता.

"काय सांगितलंस त्याला?"

"सांगितलं काहीच नाही. विचारलं फक्त."

"काय विचारलंस?"

"गाडीचं करणार काय म्हणून. म्हणाला, जुनं इंजिन काढून नवं बसवीन, म्हणजे हायवेला जरा पळेल. मी म्हटलं, मग नुसतं इंजिनच घे ना, गाडी कशाला हवीय तुला?"

विल्मानं कप भिंतीलगतच्या फळीवर आदळले. त्यातली थोडी कॉफी सांडली.

"गेरिट, तो माणूस डी मॉइनहून आला होता. सुट्टीचा दिवस मोडून."

"चांगलं झालं की. अजून अर्धा दिवस शिल्लक आहे त्याच्याकडे."

दातांचा डॉक्टर तिसरा. त्याच्याआधी एक तरुण जोडपं आलं होतं, लग्नांना गाडी भाड्यानं द्यायचा त्यांचा धंदा होता. लग्नात लोक पितात आणि पिऊन सीटवर काय काय सांडतात, याचं गेरिटनं त्यांना इतकं खुलासेवार वर्णन ऐकवलं की त्या मुलीचा चेहरा पडला. दुसऱ्याला गाडी काळ्या रंगात हवी होती. त्याच्याशी तर गेरिट एक शब्दही बोलला नाही. गॅरेजचं दार खाली ओढलं आणि घरात येऊन बसला.

ही ब्यूक एकोणीसशे बासष्टची. गेरिटच्या वडिलांनी ती नवी कोरी घेतली होती आणि हात थरथरायला लागल्यावर मुलाच्या हवाली केली होती. गेरिटचं बियाण्यांचं दुकान होतं. पोत्यांची ने-आण करायला एक पिकअप होता, त्याची दशा बघवत नसे. ब्यूक मात्र रविवारी चर्चला आणि उन्हाळ्यात कुणाच्या लग्नाला, एवढीच बाहेर पडायची. बर्फावर नाही, बर्फ वितळवायला मीठ टाकलेल्या रस्त्यावरही नाही, पत्रा गंजेल म्हणून. आत बसून कुणी काही खायचं नाही. तिच्या बाटलीहिरव्या रंगात आजही झाडं दिसायची. बघायला येणारे आधी शीळच घालायचे.

विल्माला त्या रंगात दुसरंच काहीतरी दिसायचं. जोलीनच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा पिकअप बंद पडला होता. गेरिटनं नाइलाजानं ब्यूक काढली. विल्मा दाराला धरून वाकून उभी होती, आणि तो सीटवर मेणकापड अंथरत होता. नीट, कोपरे खोचून. नंतर वर्षानुवर्षं ती ही गोष्ट पाहुण्यांना हसत हसत सांगत असे, आणि दर वेळी सांगताना तिला नव्यानं राग येत असे.

वसंतात आयोवा सिटीच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेरिटच्या दोन्ही डोळ्यांचा मधला भाग निकामी होत चाललाय. कडेकडेचं दिसेल, समोरचं नाही. गाडी चालवायची नाही. गेरिटनं वाद घातला नाही. लायसन्स पाकिटातून काढून टेबलावर ठेवलं आणि डोळ्यांचे थेंब कितीदा घालायचे ते विचारलं. तेव्हापासून तो माणसाशी बोलताना मान जराशी वळवून बोलायचा, बाजूला कुणीतरी उभं आहे आणि त्याच्याशीच बोलतोय, असं वाटायचं.

सीडर रॅपिड्सला जोलीनच्या घराजवळ त्यांनी फ्लॅट घेतला होता. तिथं एका गाडीची जागा, तीही उघड्यावर. ब्यूक विकायची हे गेरिटनंच ठरवलं. जाहिरातीचा मजकूरसुद्धा त्यानंच सांगितला, विल्मानं तो उतरवून घेतला. 'कुठेही डाग नाही, ओरखडा नाही' हे वाक्य त्यानं तिला दोनदा वाचून दाखवायला लावलं. आणि आता सामान अर्धंअधिक खोक्यांत गेलं होतं, घराचा नवा मालक पडद्यांची मापं घेऊन गेला होता, आणि ब्यूक जागच्या जागी होती.

"डॅडना कुठंतरी फिरायला पाठव आणि तेवढ्यात विकून टाक," जोलीन फोनवर म्हणाली.

"फिरायला जाईल कसा? मलाच न्यायला लागतं त्याला."

"मग दान करून टाक."

"कुणाला? दान घेणाऱ्याचीसुद्धा मुलाखत घेईल तो."

चौथा फोन मिनेसोटाहून आला. नोरीन टॉलेफसन नावाची बाई होती. तिनं फोनवर मोजके प्रश्न विचारले, किंमत ऐकून घेतली, ठीक आहे म्हणाली आणि शनिवारी ट्रक आणि मागे ट्रेलर घेऊनच येते असंही म्हणाली.

शनिवारी नाश्त्याला विल्मानं गेरिटसमोर खुर्ची ओढली.

"हे बघ, आज तू तोंड उघडायचं नाहीस."

"तिनं काही विचारलं तर?"

"तर उत्तर द्यायचं. प्रश्न विचारायचे नाहीत. आणि गाडी बाहेर मी काढीन."

"तू?"

"हो, मी. ओव्हनमधनं बदामाच्या लेटर्स काढते आणि येते. तोवर हात लावायचा नाही."

"बरं," गेरिट म्हणाला. इतक्या सरळपणे तो 'बरं' म्हणाला तेव्हाच तिनं ओळखायला हवं होतं.

बदामाचं सारण भरून अक्षराच्या आकारात वळलेल्या त्या लेटर्सचा ट्रे ती बाहेर काढत होती आणि ब्यूक सुरू झाल्याचा आवाज आला. ट्रे हातात धरूनच तिनं खिडकीकडे पाहिलं, पण तिथून गॅरेज दिसत नव्हतं. हातमोजे काढून, मागचं दार उघडून ती अंगणात पोचली तेव्हा गाडी उन्हात उभी होती आणि तिच्या पलीकडे, डाव्या दाराशी, हातात फडकं घेऊन, गेरिट.

"तुला मी काय सांगितलं होतं?"

"एवढंसं तर मागे घ्यायचं होतं."

"एवढंसं न् तेवढंसं. मी बोलते ते जातं कुठं रे? भिंतीला तरी ऐकू..."

पुढचं बोलणं तिला गिळावं लागलं, कारण ट्रक फाटकातून आत वळत होता.

नोरीन टॉलेफसन विल्माच्याच उंचीची, ठेंगणी, पण रुंद खांद्यांची बाई होती. केस पुरुषासारखे कापलेले. तिनं शीळ घातली नाही. खिशात हात घालून ती उजव्या बाजूनं सावकाश चालत गेली, वाकून चाकांच्या वर बघितलं, गुडघे टेकून खालून बघितलं, कपडे झटकले आणि बॉनेट उघडायला सांगितलं. गेरिटनं विल्माला खूण केली. तो स्वतः दारापासून हलला नाही. पाठ टेकून उभा होता. विल्माला ते खटकलं. त्या गाडीला पाठ टेकायची कुणाची छाती नव्हती, त्याची स्वतःचीही नाही.

"तुम्ही करता काय?" त्यानं विचारलं.

"गेरिट," विल्मा म्हणाली.

"असू द्या. शाळेची बस चालवते मी."

"मिनेसोटात? हिवाळ्यातसुद्धा?"

"हिवाळ्यातच. उन्हाळ्यात शाळा नसते."

"ही गाडी हिवाळ्यात बाहेर काढाल?"

"मिठाच्या रस्त्यावर? माझं डोकं फिरलंय का?"

"इंजिन बदलाल?"

"का? बिघडलंय?"

"नाही."

"मग?"

"रंगाचं काय?"

"ह्या हिरव्यात वाईट काय आहे?"

"गाडीत खाता?"

"बसमध्ये पोरांना च्युइंगम चघळू देत नाही मी. सीटखाली चिकटवतात मेले."

विल्माला हसू येत होतं आणि संतापही. "झालं का रे? गाडी विकतोयस की मुलीची सोयरीक जमवतोयस?"

"झालं," गेरिट म्हणाला. मग लगेच, "टायर मात्र असे आता मिळत नाहीत. मी ते मुद्दाम मागवून..."

"टायर बघितले मी," नोरीन म्हणाली. "जरा बाजूला होता का? ती बाजू तेवढी राहिली."

तो हलला नाही. टायरचंच बोलत राहिला, कुठून मागवले, कसे आले. नोरीन थांबून ऐकत होती. ती भल्या घरची असावी, पण चेहऱ्यावरून दिसत होतं की लांबचा रस्ता परत कापायचा आहे. चौथं गिऱ्हाईकही हातचं जाणार हे विल्माला स्वच्छ दिसलं. ती तरातरा गेली आणि तिनं त्याचं कोपर धरलं.

"अरे हल ना बाबा. बघू दे की तिला."

गेरिट बाजूला झाला.

दाराच्या पुढच्या कडेपासून ओरखडा सुरू झाला होता. आधी केसासारखा, मग बोटभर रुंद, मग पार मागच्या चाकापर्यंत, पांढऱ्या फराट्यांचा. मध्ये एका ठिकाणी रंग निघून पत्रा दिसत होता.

विल्मानं गॅरेजकडे पाहिलं. चौकटीचा पांढरा रंग त्याच उंचीवर खरवडला होता, आणि लाकडाला हिरवं लागलं होतं.

"हे जाहिरातीत नव्हतं," नोरीन शांतपणे म्हणाली.

गेरिट फडक्याची घडी घालत होता. घातलेली घडी मोडून परत घालत होता. मान बाजूला वळलेली, नजर कुठंतरी सफरचंदाच्या झाडाच्या दिशेला. त्याच्या हाताची बोटं पांढुरकी झाली होती, रंगाच्या भुकटीनं.

विल्माच्या तोंडात सगळं तयार होतं. सांगितलं होतं, हात लावू नको म्हणून. सांगितलं होतं, मी काढीन म्हणून. डॉक्टरनं सांगितलं, जोलीननं सांगितलं. या बाईसमोर, भर उन्हात, शब्द न् शब्द बोलायचा तिला हक्क होता.

"माझ्याकडून झालं ते," ती म्हणाली. "आत्ताच, सकाळी. गाडी बाहेर काढताना."

रस्त्यापलीकडच्या शेतात मक्याची कापणी चालली होती. यंत्र बांधापर्यंत आलं, वळलं आणि परत निघालं.

"मी हिला सांगत होतो," अखेर गेरिट नोरीनला म्हणाला. "डावीकडे बघ, डावीकडे बघ. ऐकते कुठं."

विल्मानं ओठ घट्ट मिटले. मग म्हणाली, "चुकलं माझं."

"असू दे," गेरिट म्हणाला.

या गाडीच्या बाबतीत त्याच्या तोंडून तिनं हा शब्द कधी ऐकला नव्हता.

"सुरू करून बघते," म्हणत नोरीन आत बसली. सीट पार मागे सरकवलेली होती, उंच माणसाच्या पायांना पुरेल इतकी. नोरीनचे बूट पेडलपर्यंत पोचेनात. तिनं आपल्या पायांकडे पाहिलं, मग खिडकीतून आपल्याच उंचीच्या विल्माकडे, मग गेरिटच्या लांब तंगड्यांकडे. वाकून तिनं सीटखालची दांडी शोधली आणि एका हिसक्यात सीट पुढे ओढली.

"माझी बस एकदा शाळेच्या फाटकालाच घासली होती," ती म्हणाली. "पोरं आत होती. टाळ्या वाजवल्या मेल्यांनी."

हे ती दोघांतल्या कुणाला म्हणाली ते कळलं नाही. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं.

किंमत कमी करून घ्या, असं गेरिटच म्हणाला. त्यावर नोरीननं, रंगकाम करणारा भाऊ घरीच आहे, फोनवर ठरलं तेच राहू दे, असं सांगितलं. विल्मानं कागदांवर सह्या केल्या, गेरिटला सही कुठं करायची तिथं बोट टेकवून दाखवलं. लेटर्स गरम होत्या, त्यातल्या चार तिनं कागदात बांधून दिल्या. नोरीननं पुडी ट्रकमध्ये ठेवली, ब्यूकमध्ये नाही, आणि ती ट्रकमध्ये ठेवतेय हे गेरिटला ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगितलं.

गाडी ट्रेलरवर चढवताना पट्टे कुठं बांधायचे, किती ताणायचे, हे तो सांगत राहिला, आणि नोरीन तसं करत राहिली. मग ट्रक निघाला. खडीची धूळ उडाली, उन्हात तरंगली आणि हळूहळू बसली.

दोघं फाटकाशी उभी राहिली. ट्रेलर वळणावर दिसेनासा झाला तरी गेरिटची मान त्याच दिशेला, तशीच कलती होती. त्याला तो कुठवर दिसला होता, कोण जाणे.

"विल्मा."

"काय?"

"केवढा आहे?"

"काय केवढा?"

"ओरखडा. मी हात लावून बघत होतो, पण सुरुवातच लागली हाताला. तेवढ्यात ट्रक आला."

विल्मानं अंगठा आणि बोट लांबवून हवेत माप धरलं. मग तिच्या लक्षात आलं. तिनं त्याचा हात हातात घेतला, उलटा केला, आणि त्याच्या तळव्यावर, अंगठ्याच्या मुळापासून करंगळीखालच्या कडेपर्यंत, नखानं एक रेघ ओढली.

"एवढा?"

"एवढाच."

गेरिटनं मूठ मिटली आणि थोडा वेळ तशीच मिटून ठेवली.

"मग पॉलिशनंसुद्धा जाईल," तो म्हणाला.

"जाईल की," विल्मा म्हणाली.