तळघराचा वारा

"लीलाबाई, आज टोपली उचला. मिस्त्री आले," पास्टर साहेब म्हणाले.

"कोन्ता झरोका बंद करून राह्यले?"

"सगळेच. तुमचा शेवटी घ्यायला सांगितलंय."

लीलाबाईंनी पानांवरचं ओलं पोतं नीट केलं. टोपली मात्र उचलली नाही.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या या जुन्या चर्चच्या मागच्या भिंतीशी त्या तरुणपणापासून पानं विकत होत्या. मँगनीजच्या खाणींवर आलेल्या गोऱ्या साहेबांनी ते बांधलं होतं. वर टोकदार कमानींच्या खिडक्या आणि उतरतं कौलारू छप्पर. खाली तळघर, आणि तळघराच्या कोनाड्यांत साहेबांच्या शवपेट्या. तिथे हवा खेळावी म्हणून भिंतीच्या पायाशी गज लावलेले झरोके ठेवले होते. मे महिन्यात रस्ते भाजून निघत, तेव्हाही झरोक्यातून माठातल्या पाण्यासारखा गार वारा येई. त्याच्यासमोरची पानं संध्याकाळपर्यंत माना टाकत नसत.

"लीलाबाईच्या पानाईले साहेबलोक पंखा हालवतेत," असं गिऱ्हाइकं म्हणत आणि त्याच टोपलीतलं पान मागत.

पूर्वी झरोका गुडघ्याइतका उंच होता. रस्त्यावर सिमेंटचे थर चढत गेले, तसा तो जमिनीला टेकला. गेल्या पावसाळ्यात रस्त्याचं पाणी थेट तळघरात शिरलं.

"एक राहू द्या ना, साहेब. मी मातीची पाळ बांधीन. पावसात पोतं कोंबीन."

"बाई, दो-दो मोटर लावून पाणी काढलं. पेटीचं लाकूड तरंगत होतं. त्यांच्या घरच्यांना काय जवाब देऊ?"

"त्यांच्या घरचं कोन येते?"

"कोणीच नाही येत. म्हणून तर मला जपायचंय."

पानांसाठी लीलाबाई अडून बसल्याच नव्हत्या. पानं समोरच्या कडुलिंबाखालीही राहिली असती.

लग्नाआधी आई तापाने पडली, म्हणून त्या पहिल्यांदा इथे टोपली घेऊन बसल्या होत्या. दुपारी झरोक्याच्या गजांमधून एक हात बाहेर आला, चुन्याने पांढराफेक.

"मावशी, एक पान दे वं."

"मावशी असन तुह्या घरी!"

आत हसू घुमलं. "मंग काय म्हनू? इथून काही दिसून नाही राह्यलं."

"काहीच नोको म्हनू. चुना किती लावू?"

"चुना हाताले हायेच. तू फक्त पान दे."

तळघराच्या कमानी दुरुस्त करणारा तो गवंडी म्हणजे प्रेमलाल. चुन्यात बेलाचा गर आणि गूळ घालून मळायचा. काम चाललं तोवर रोज तो हात येत राहिला. तोंड लीलाबाईंनी पाहिलं ते लग्नाची बोलणी झाली त्या दिवशी. "मी हात पाहूनच हौ म्हनलं होतं," असं त्या पुढे नणंदेला सांगत.

प्रेमलाल जाऊन कित्येक उन्हाळे झाले. त्याने बांधलेली घरं शहरात पुष्कळ होती, पण बेल-गुळाच्या चुन्याचा तो वास एवढ्या एका भोकातूनच येई. गिऱ्हाईक नसलं की लीलाबाई पानं सारखी करायला वाकत आणि जरा वेळ तशाच वाकलेल्या राहत.

हट्टा गावाहून आलेला खेमराज मिस्त्री तळघरात उतरून आतून विटा लावत होता. थापीचा आवाज झरोक्या-झरोक्याने जवळ येत गेला. उन्हं कलली तेव्हा तो लीलाबाईंच्या पाठीशी येऊन थांबला. गजांमधून हात बाहेर आला, सिमेंटने राखाडी झालेला.

"ओ मावशी, एक पान द्या ना. घसा सुकून गेला."

जुनं उत्तर ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. लीलाबाईंनी पानाचा देठ खुडला.

"चुना?"

"लावा ना. इथं तं सिमेंटच हाये."

त्यांनी विडा त्या तळव्यावर ठेवला. हात आत गेला. "आता टोपली सरकवा, मावशी. एकच वीट राह्यली."

"थांब जरासाक."

त्यांनी टोपलीतलं तळचं, कोवळं पान काढलं. कात-सुपारी घालून दुमडलं आणि गजांमधून आत धरलं.

"हे कोनासाठी? याले चुना लावाचा राह्यला, मावशी."

"नाही राह्यला. विटंच्या मांगं ठेवून दे."

मग पान त्यांच्या बोटांतून अलगद घेतलं गेलं. वीट घासत जागेवर बसली, थापी दोनदा वाजली आणि वारा थांबला.

लीलाबाईंनी पोत्यावर पाणी शिंपडलं आणि टोपली होती तिथेच ठेवली.