रहस्यकथेच्या दहा प्रती

बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करण्यात माझी हयात गेली. लोक मला तोंडावर काका म्हणतात आणि पाठीमागे भोंगा. मला दोन्ही चालतं. निवृत्त झाल्यावर या आवाजाचं करायचं काय, एवढाच प्रश्न होता. घरात मी आणि माझी थोरली बहीण, दोघंच. ताई म्हणाली, "माझ्यावर ओरडू नकोस. वाचनालयात जाऊन ओरड."

तशी आमची गुरुवारची बैठक सुरू झाली. वाचनालयात रहस्यकथा मोजक्याच, प्रत्येकीची एकच प्रत, तीही पानं सुटलेली. ती एकानं घरी नेली की बाकीच्यांनी हात चोळत बसायचं. म्हणून मी मोठ्यानं वाचायचो आणि सगळे ऐकायचे. दातांचे डॉक्टर दवाखाना लवकर बंद करून यायचे. गणिताचे मास्तर यायचे, शिंपीणबाई यायच्या, आणखी पाचसहा जण, आणि ताई. दर खेपेला दोन प्रकरणं. नियम एकच, पुढचं कुणी वाचायचं नाही. मीसुद्धा नाही. पुस्तक ग्रंथपालबाईंच्या कपाटात कुलपात राहायचं. पुढच्या पानावर काय आहे हे वाचणाऱ्यालाही ठाऊक नाही, यातच सगळी गंमत होती.

खुनी कोण यावरून असे वाद व्हायचे की शेजारच्या खोलीत पेपर वाचणारे वैतागून उठून जायचे. मास्तर माझा एक उच्चार चुकू द्यायचे नाहीत. रात्री जेवताना ताई आणि मी तोच वाद पुढे चालवायचो. "नवऱ्यानंच मारलंय तिला," ताई ठासून सांगायची. तिला प्रत्येक पुस्तकात नवऱ्याचाच संशय. आमचे भावोजी इतके गरीब स्वभावाचे होते, तरीही.

मग सार्वजनिक वाचनालयांना रहस्यकथा घ्यायला अनुदान मिळणार, अशी बातमी आली. ग्रंथपालबाई मला घेऊन अनुदानाच्या कार्यालयात गेल्या, कारण त्यांचा आवाज दुसऱ्या खुर्चीपर्यंतही पोचत नाही. तिथल्या साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "खुनाच्या गोष्टी वाचून वाचकाचा विकास काय होतो?"

मी म्हणालो, "साहेब, आमच्या शिंपीणबाईंना कमी ऐकू येतं. माझ्या ओठांवर नजर लावून त्या अख्खं पुस्तक ऐकतात, जागच्या हलत नाहीत. तुमच्या खात्याचं एखादं परिपत्रक कुणी असं ऐकलंय का?"

बाईंनी टेबलाखालून माझा पाय दाबला. पण साहेब हसले. "बोला, काय हवं तुम्हाला?"

मी नवनवी पुस्तकं मागू शकलो असतो. मी मागितल्या प्रत्येक पुस्तकाच्या दहा प्रती. शिंपीणबाईंना ओठांऐवजी पानावर बघता येईल, प्रत्येकाच्या मांडीवर आपापलं पुस्तक असेल, मी वाचीन आणि सगळे बोट फिरवत माझ्याबरोबर येतील. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला आणि शीळ घालत घरी आलो.

अनुदान मंजूर झालं. पहिलं पुस्तक होतं एका लाकडाच्या वखारवाल्याच्या खुनाचं. संशय चौघांवर. पुतण्या, भागीदार, माळी आणि आजारपणात त्याची देखभाल करणारी नर्स. गुरुवारी बाई प्रती वाटायच्या, बैठक संपली की गोळा करून कपाटात ठेवायच्या. निदान मला तसं दिसायचं. वाद मात्र थंडावले. मला वाटलं, पान समोर आहे म्हणून लोक मन लावून ऐकताहेत. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू!

घरी ताईचं चालूच होतं. "मला त्या माळ्याचाच संशय येतो बाई." मी तिला ताटातल्या वाट्या इकडेतिकडे सरकवून दाखवायचो, इथे विहीर, इथे फाटक, माळी इथून तिथे पोचेलच कसा? ती हनुवटीला हात लावून ऐकायची. "खरंच की रे," म्हणायची. "मग कोण असेल?"

शेवटच्या प्रकरणाच्या गुरुवारी खोली भरलेली होती. मी आवाज खाली आणला, तो मला मुद्दाम आणावा लागतो. "इन्स्पेक्टर चौघांसमोरून सावकाश चालत गेला. एका खुर्चीपाशी थांबला. म्हणाला, वखारीची दुसरी किल्ली तुमच्याकडे होती..."

इथे पान संपत होतं. नाव मागच्या बाजूला. मी बोट ओलं केलं, आणि पान उलटायच्या आत शिंपीणबाई तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, "अगं बाई! हा?"

त्यांच्या मांडीवरच्या पुस्तकाचंही पान उलटलेलं नव्हतं. मला अजून नाव ठाऊक नव्हतं, आणि त्या दचकून मोकळ्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना हळूच कोपरानं ढोसलं. ते मी पाहिलं.

मी पान उलटलं, पण नावावर तळहात ठेवला. ते मी वाचलं नाही, शपथेवर सांगतो. पण शिंपीणबाई 'हा' म्हणाल्या होत्या, म्हणजे खुनी पुरुष, एवढं मला कळलं होतं. चष्म्यावरून सगळ्यांकडे बघितलं आणि स्थानकावरच्या आवाजात म्हणालो, "खुनी होती ती नर्स!"

सगळ्यांच्या मांडीवर तेच पान. आता पानं उलटली गेली होती. खरं नाव प्रत्येकाच्या नाकासमोर छापलेलं होतं. मास्तरांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता म्हणतील, काका, चुकलात, इथे असं नाहीये. त्यांनी तोंड मिटलं. डॉक्टर म्हणाले, "बापरे!" कुणीतरी म्हणालं, "मला वाटलंच होतं." आणि शिंपीणबाईंनी पुन्हा तोंडावर हात ठेवला.

मी ताईकडे बघितलं. ती पुस्तकात बघत होती. मग माझ्याकडे बघून हसली, लहान मुलाचं वेडंवाकडं चित्र बघून हसतात तशी, आणि म्हणाली, "छान रंगवलंस हं."

एक उच्चार चुकला तर रान उठवणारी ही माणसं. मी त्यांना धडधडीत चुकीचा खुनी दिला आणि त्यांनी तो मुकाट्यानं घेतला.

मी पुस्तक मिटलं. "कधी वाचलंत?"

ग्रंथपालबाईच म्हणाल्या, "प्रती आल्या त्याच आठवड्यात नेल्या सगळ्यांनी. बुधवारी परत आणून ठेवायचे. मी नाही कसं म्हणणार, काका? सार्वजनिक वाचनालय आहे. आणि पुस्तकं कपाटात पडून राहिली, तर अनुदानवाले पुढच्या वर्षी दारात उभं करणार नाहीत."

"पहिली दोन प्रकरणं ऐकली आणि राहवेना हो," डॉक्टर म्हणाले.

"मग नंतर कशाला येत होतात?"

डॉक्टरांनी मास्तरांकडे बघितलं, मास्तरांनी खिडकीकडे. शिंपीणबाईंना मी काय विचारलं ते ऐकू आलं नसावं, पण त्यांचे डोळे भरून आले.

घरी जाताना मी ताईच्या चार पावलं पुढे चालत होतो. बाकीच्यांचं मी सोडून दिलं असतं. बाहेरची माणसं ती. पण जेवणाच्या टेबलावर मी वाट्या सरकवत होतो, विहीर आणि फाटक समजावत होतो, तेव्हा हिला सगळं ठाऊक होतं. माझ्याच घरात, माझ्याच समोर बसून ती माझी समजूत काढत होती. इतकी वर्षं लोक मला भोंगा म्हणाले, ते कधी लागलं नाही. हे लागलं.

"शेवट सांगू का खरा?" तिनं मागून विचारलं.

"खबरदार," मी म्हणालो. रस्त्यावरच्या दोघातिघांनी वळून बघितलं.

पुढचा गुरुवार आला. मी बूट घातले नाहीत. ताईनं वेणी घातली, पिशवी घेतली, दारात थोडा वेळ उभी राहिली आणि एकटीच गेली. नवं पुस्तक सुरू होणार होतं. मी खिडकीपाशी बसलो. कुणीतरी बोलवायला येईल असं वाटत होतं. निदान मास्तर.

ताई लगेचच परत आली. तिच्या पिशवीत नवं पुस्तक होतं.

"काय झालं?"

"काय व्हायचंय? तू नाहीस म्हटल्यावर कुणी बसलंच नाही. आपापली प्रत घेतली आणि गेले घरी."

ती माझ्यासमोर बसली.

"तू आला असतास, तर सगळे बसले असते," ती म्हणाली.

"पुढचं वाचून?"

"पुढचं वाचून."

"आणि दचकल्याचं नाटक करायला?"

"हो," ताई म्हणाली. "दर गुरुवारी. तू आहेस तोवर."

मी तिच्याकडे बघत राहिलो. तिला वाटत होतं, ती माझं सांत्वन करतेय.