ओढा ओलांडू नका

शहरातून सकाळी निघावं, मनसोक्त चालावं आणि दिवेलागणीपर्यंत घरी परतावं, अशा चाळीस पायवाटांचं ते पुस्तक. मुखपृष्ठावर नाव नवऱ्याचं, चालायची बायको. नऊ वर्षांपूर्वी त्याचा घोटा दुखावला आणि स्वारी खुर्चीत बसली ती बसलीच. ही पहिली बस पकडायची, पावलं मोजायची. कुंपण कुठे तुटलंय, कुत्रं कुठे मोकळं असतं, सगळं वहीत टिपून आणायची. मग हे महाशय त्यावरून हात फिरवायचे आणि पुस्तकात यायचं, ‘मी टेकडी चढलो, मला धाप लागली.’ धाप लागली म्हणे!

नव्या आवृत्तीच्या वेळी तिनं धीर करून विचारलंच, “अहो, यंदा माझंही नाव घालाल का?”

“आधी नाही का बोलायचंस? मुखपृष्ठ छापून झालं. पुढच्या आवृत्तीत नक्की घालू.”

बिचारी तेवढ्यावरही खूश झाली. चार दिवस तिचा पाय जमिनीवर ठरेना.

सतराव्या वाटेला तिनं स्वच्छ लिहून दिलं होतं, ‘ओढा ओलांडू नका, पलीकडे जुनी खाण आहे.’ त्यानं ते वाक्य उडवलं. का, तर एकाच पानावर तीन ‘नका’ आले होते आणि ते साहेबांच्या कानाला खटकत होते. वर बसल्या जागी ठोकून दिलं, ‘खळाळत्या पाण्यात पाय बुडवत पलीकडे जावं.’

एक निवृत्त शिक्षिका पुस्तक हातात धरून गेल्या की पलीकडे! खाणीच्या कडेवरून घसरल्या, पाय मोडला. त्यांच्या मुलानं प्रकाशकाला खरमरीत पत्र लिहिलं. उरलेल्या प्रतींत माफीची चिठ्ठी चिकटवायचं ठरलं. मजकूर नवऱ्यानं लिहिला आणि चिकटवायचं काम अर्थातच हिच्याकडे आलं.

तिनं गठ्ठा सोडला. चिठ्ठीवर तिचं नाव होतं, माहेरच्या आडनावासकट. ‘वाटांची प्रत्यक्ष पाहणी माझ्या पत्नीने केली होती. तिच्या नजरचुकीबद्दल मी दिलगीर आहे.’

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. “माझी नजरचूक? वही काढू का? दाखवू?”

“अगं, चिडतेस काय? बाईमाणसाला लोक लवकर माफ करतात. माझ्यावर आलं तर पुस्तकच बसेल.”

“आणि पुढच्या आवृत्तीतलं माझं नाव?”

त्यानं चष्मा काढून पुसला. तो खरंच विचारात पडला होता.

“आता कसं घालणार?” तो म्हणाला. “ते नाव बघितलं तर पुस्तक कोण विकत घेईल?”