पाहुण्यांसाठी ठेवलेला सूक्ष्मदर्शक

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, आणि मित्रांनो, खरे सांगायचे तर मला पाहुणे आवडत नसत.

भिंगांच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पितळी नळी, ओतीव लोखंडाचा पाय आणि तीन भिंगे. जनावरांचे डॉक्टर घडवणाऱ्या या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पहिली वीस वर्षे माझा मोठा रुबाब होता. खिडकीपाशी माझी जागा. भलेभले प्राध्यापक एक डोळा मिटून माझ्यापुढे वाकत. पुढे विजेच्या दिव्याचे, दोन डोळ्यांनी बघायचे नवे सूक्ष्मदर्शक आले. त्यांच्यासाठी काचेचे कपाट आले आणि माझी रवानगी नळाशेजारच्या टेबलावर झाली. ओल लागून माझ्या भिंगांवर बुरशी चढली. स्क्रू ढिला झाला, नळी आपोआप खाली घसरू लागली.

काचेच्या कपाटाची चावी परिचराकडे असे. त्यांना सगळे चावीकाका म्हणत. शेजारच्या देशांतून शिष्यवृत्तीवर मुले येऊ लागली, तेव्हा काकांनी स्वतःचाच एक नियम केला. "पाहुण्यांना जुना," ते म्हणत. "आपल्याच पोरांना पुरत नाहीत, यांना कुठून देऊ?" सर्वांना सारखी सोय द्यावी, असे विद्यापीठाच्या पत्रात लिहिले होते. पण पत्र कार्यालयात होते आणि चावी काकांच्या कमरेला.

त्यामुळे पाहुणे माझ्याच वाट्याला येत. ते स्क्रू पिळत, काही दिसले नाही की मला टपली मारत. मीही आंबून गेलो होतो.

अशात सीमेपलीकडून एक मुलगी आली. वर्गाने पहिल्याच दिवशी तिचे नाव 'पलीकडची' ठेवले आणि सारे तिला तोंडावर तशीच हाक मारू लागले. तिच्या शेजारचे स्टूल कायम रिकामे राही. वर्गात एक हुशार मुलगा होता, त्याला सारे 'पहिला नंबर' म्हणत. एकदा तिला ऐकू जाईल अशा बेताने तो म्हणाला, "आपल्याला जागा मिळत नाहीत, आणि यांना मात्र आवतण."

"आवतण तुमच्याच सरकारनं दिलंय," ती मान वर न करता म्हणाली. "परत घ्यायचं तर त्यांच्याकडे जा."

त्या दिवशी मी तिला काही म्हणजे काही दिसू दिले नाही. दुसऱ्या दिवशी ती रुमालात बारीक पेचकस, मऊ कापड आणि स्पिरिटची बाटली बांधून घेऊन आली. तिचे वडील घड्याळे दुरुस्त करत. तिने मला सुटे केले, भिंगे पुसली, ढिल्या स्क्रूखाली पत्र्याची पातळ चकती घातली.

"सरकारी वस्तू आहे ती," चावीकाका दारातून ओरडले. "मोडलीस तर पहिल्या गाडीनं घरी जाशील."

"मोडकीच दिलीत, काका. आता आणखी काय मोडणार?"

तिच्या भागात गायी ताप येऊन, तांबडी लघवी करून मरत होत्या. ते का, हे शिकायला ती आली होती. रोज ती काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरी आणि माझ्यातून तासन्‌तास बघे. दुसऱ्या वर्षी एके दुपारी तांबड्या पेशीत नाशपातीच्या आकाराचे दोन जंतू तिला दिसले, टोकाला टोक लावून बसलेले. शिकवणाऱ्या मॅडमनी वाकून पाहिले आणि सगळ्या वर्गाला बोलावले. "नव्या यंत्रांतून तुम्हाला सापडले नाहीत ते इथे बघा," त्या म्हणाल्या. पहिला नंबर सर्वांत शेवटी आला आणि न बघताच गेला.

दोन दिवसांनी तास संपल्यावर त्याने काकांकडून चावी घेतली. तेच जंतू नव्या सूक्ष्मदर्शकातून शोधायचे होते त्याला. घाईघाईत त्याने भिंग इतके खाली आणले, की ते काचपट्टीवर आदळले. कट्‌ असा आवाज मी ऐकला. त्याने यंत्र मुकाट्याने कपाटात ठेवले.

दुसऱ्या दिवशी भिंगाला तडा दिसला. विभागप्रमुख स्वतः प्रयोगशाळेत आले. पहिला नंबर म्हणाला, "काल शेवटी इथे पलीकडचीच होती, सर." नुकसानीची एक तक्रार खरी ठरली तरी शिष्यवृत्ती बंद होणार होती. मित्रांनो, मी सगळे जाणत होतो, पण मला वाचा कुठली?

"मी त्या कपाटाला हातसुद्धा लावलेला नाही," ती म्हणाली.

विभागप्रमुखांनी काकांना विचारले, "तुमचं लक्ष कुठे होतं? हिच्या हाती चावी गेलीच कशी?"

हे काकांना झोंबले. "हिच्या हाती? साहेब, दोन वर्षांत हिला मी त्या कपाटाकडे फिरकू दिलेलं नाही. कुणालाही विचारा."

"का फिरकू दिलं नाही?"

काका कमरेची चावी चाचपू लागले.

"आणि काल चावी कुणाला दिली होती?"

काकांनी पहिल्या नंबराकडे पाहिले. त्याने खाली बुटांकडे पाहिले.

तक्रार मिटली. माफी मात्र कोणीच मागितली नाही. उलट 'हिलाही चावी द्या' अशी ताकीद काकांना हिच्यामुळे मिळाली, म्हणून वर्गाने तिच्याशी उरलेसुरले बोलणेही टाकले. काका रोज चावी टेबलावर आपटत. "घ्या, बाईसाहेब." ती नव्या सूक्ष्मदर्शकावर काम करी, तो पुसून ठेवी आणि चावी काकांच्या तळहातावर परत देई. माझ्याकडे ती क्वचितच येई. मला वाईट वाटले, पण तिचे चुकले नव्हते.

जाण्यापूर्वी तिने मला एकदा स्वच्छ केले आणि माझ्या पेटीत एक कागद ठेवला.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका देशातून एक मुलगा आला. काकांनी माझ्याकडे बोट दाखवले. मुलाने पेटी उघडून कागद वाचला. स्क्रू कसा आवळायचा, भिंगे कशी पुसायची, सारे त्यात होते. खाली लिहिले होते, 'कपाटाची चावी मागायची. नाही म्हणाले तर ते लिहून मागायचं.'

मुलगा काकांसमोर जाऊन उभा राहिला. "काका, कपाटाची चावी."

"मिळणार नाही."

"तसं लिहून देता?"

काकांचा हात कमरेच्या चावीकडे गेला.

मित्रांनो, माझे मागणे लहानसे आहे. भिंगाला बोट लावू नका आणि काम झाले की मला पुसून झाका. लांबून शिकायला आलेल्यावर तुमचे प्रेम नसेल तर नसो, ते मागून मिळत नाही. पण तुमच्याकडे चावी असेल तर ती त्याला द्या.