गावात जन्मलेले अकरा

आमच्या लिटल मॉपिंगची लोकसंख्या त्रेसष्ट. त्यातली बावन्न माणसं बाहेरची. बाहेरची म्हणजे कुठली, असं विचाराल तर माझी बायको मेव्हिस ग्रेट मॉपिंगची, ओढ्यापलीकडची, दीड मैलावरची. पन्नास वर्षं इथे नांदतेय, पण मी तिला परकीच धरत आलो. ती दर ऑगस्टच्या सामन्यात बाहेरच्यांच्या संघाला चहा-सँडविच पुरवते आणि माझ्याकडे बघून नाक मुरडते.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी आमच्याकडे क्रिकेटचा सामना होतो. गावाच्या हद्दीत जन्मलेले अकरा विरुद्ध बाहेर जन्मलेले अकरा. जुन्या जमीनदारानं मृत्युपत्रातच लिहून ठेवलंय की हा सामना दर वर्षी रीतसर होईल तोवर मैदान गावाचं. एक वर्ष जरी चुकलं, तर मैदान वारसांकडे परत.

पूर्वी याची कोणाला फिकीर नव्हती. घरटी आठ-आठ पोरं होती. पण गेली पन्नास वर्षं बाया बाळंतपणाला शहरातल्या इस्पितळात जातात, त्यामुळे गावात जन्म म्हणून कोणाचा होतच नाही. उरलो आम्ही मोजून अकरा. सगळ्यात तरुण पोस्टातली बाई, वय एकावन्न. सगळ्यात म्हातारा सेसिल टॅपसेल, वय त्र्याऐंशी, दोन्ही खुबे बदललेला. कप्तान मी, क्लेमंट पर्किस, वय एकाहत्तर. वारसांनी मैदानावर चाळीस घरं बांधायचे नकाशेसुद्धा काढून ठेवले होते. आमच्यातलं कोणी खोकलं तरी त्यांचा वकील फोन करून तब्येत विचारायचा.

गावाचा इतिहासही मीच लिहीत होतो. दुसरं कोण लिहिणार? मार्चमध्ये चर्चमधली बाप्तिस्म्याची जुनी वही घेऊन बसलो आणि हौसेनं स्वतःचं नाव काढलं. नावासमोर समासात त्या वेळच्या पाद्र्यानं बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘जन्म ग्रेट मॉपिंग येथे, बेकरीच्या माडीवर. आई बाजाराला गेली होती.’

मी वही मिटली. परत उघडली. मजकूर तोच. तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. पान फाडून टाकावं असंही मनात आलं, खोटं कशाला बोलू? पण इतिहास लिहिणाऱ्यानंच वही फाडायची म्हटल्यावर कोणत्या तोंडानं पुढचं पान लिहायचं? शेवटी मेव्हिसला सांगितलं.

ती खुर्चीत बसली ती हसतच. "पन्नास वर्षं मला परकी परकी म्हणून टोचत होतास, आणि तू माझ्याच माहेरचा निघालास?"

"हळू बोल. आता अकरावा कुठून आणू?"

"आणखी कोणाला सांगितलंयस?"

"तुलाच फक्त."

"मग गावाला कळलंच म्हणून समज," ती म्हणाली आणि कोट चढवायला लागली.

संध्याकाळी दार वाजलं. बाहेरच्यांचा कप्तान लिंडन आणि त्याची बायको बोझेना दारात उभी. बोझेना पोलंडची, सहा महिन्यांची गरोदर.

"मिस्टर पर्किस, त्या मृत्युपत्रात वयाचं काही लिहिलंय का हो?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग मी घरीच बाळंत होते. सुईणीला विचारलंय. ती म्हणाली, सगळं ठीक असेल तर होऊन जाऊ दे."

लिंडनचा चेहरा उतरला. "अगं, म्हणजे आपलं मूल माझ्याविरुद्ध खेळणार?"

"कधीतरी खेळणारच आहे. लवकर सुरुवात झालेली बरी."

जूनच्या मध्याला त्यांच्या पुढच्या खोलीत इडा जन्मली. त्या दिवशी मी इतिहासाच्या वहीत त्रेसष्टाचे चौसष्ट केले आणि सेसिलकडे कप्तानपद सोपवून बाहेरच्यांच्या संघात नाव दिलं.

सामन्याला वकील हजर. त्यानं मृत्युपत्र दोनदा वाचलं, इडाचा दाखला तीनदा. मग म्हणाला, "खेळा. पण कोणी मुद्दाम कोणाला सोडलं, तर तो सामना नव्हे, नाटक. मी तसंच लिहीन." आणि पेन्सिल सरसावून खुर्चीत बसला.

आम्ही बाहेरच्यांनी एक्याण्णव धावा केल्या. गाववाल्यांच्या नव्वद झाल्या आणि नववा गडी बाद झाला. बरोबरीला एक धाव हवी. एका टोकाला सेसिल, दुसऱ्या टोकाला इडा, वय सात आठवडे, आईच्या छातीशी झोळीत गाढ झोपलेली. तिच्या वतीनं आईनं धावावं, असा निकाल पंच झालेल्या पाद्र्यांनी दिला होता.

सेसिलनं चेंडू हलकेच ढकलला आणि ओरडला, "पळ!" बोझेना धावली. चेंडू घरंगळत माझ्या हातात आला. ती ज्या टोकाकडे धावत होती, तिथले स्टम्प माझ्यापासून पाच पावलांवर. ती अजून निम्म्यात.

खुद्द लिंडन दबक्या आवाजात म्हणाला, "क्लेमंट, राहू दे." मलाही राहू द्यायचं होतं हो! तिकडे वकिलाची पेन्सिल वर झाली होती.

मी पाच पावलं धावलो आणि बेल्स उडवल्या. पाद्र्यांनी देवाची माफी मागितल्यासारखा चेहरा करून बोट वर केलं. इडा धावबाद, शून्य. आम्ही एका धावेनं जिंकलो आणि एकानंही टाळी वाजवली नाही. मेव्हिससुद्धा किटली हातात धरून नुसती बघत राहिली. इतकं एकटं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं.

वकील उठून सेसिलकडे गेला. "तुम्ही कप्तान. सामना खरा झाला, असं म्हणाल का?"

सेसिल बॅटवर रेलून माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. चाळीस वर्षं तो माझ्या हाताखाली खेळला होता.

"खरा?" तो म्हणाला. "या ग्रेट मॉपिंगवाल्यानं सात आठवड्यांच्या पोरीला धावबाद केलंय. याहून खरा सामना तुम्ही कुठे बघितलाय? लिहा, लिहा तसं!"

वकिलानं लिहिलं.