जिंकणारे बसत नसतात

चार पाय, एक गादी आणि तीस वर्षांचा परका घाम, एवढीच माझी कमाई. मित्रांनो, मी एक जुनं स्टूल आहे. न्यू मेक्सिकोतल्या एस्पान्योला गावात चर्चच्या मागे एक सभागृह आहे, तिथे भिंतीला टेकून मी उभा असतो. दुपारी समोरच्या रंगीत काचांतून ऊन आत येतं आणि हळूहळू माझ्या अंगावर चढतं. आधी पायांवर निळं, मग गादीवर लाल. ते लाल झालं की मला डुलकी लागते, आणि डुलकी लागली की एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. एका गर्विष्ठ माणसाची फजिती. ती आठवून मला अजून गुदगुल्या होतात. वयाला शोभत नाही, पण होतात.

माझा जन्म एलॉय माएस नावाच्या गाड्या सजवणाऱ्या कारागिराच्या हातून झाला. आमच्या गावात गाड्या वेगासाठी नसतात. रविवारी त्या इतक्या सावकाश निघतात की शेजारून चालणारं कुत्रंही पुढे निघून जातं. एलॉयनं एका जुन्या गाडीचे उरलेले पाइप कापले, जोडले, त्यांना झगमगता जांभळा रंग दिला आणि त्याच गाडीच्या मागच्या सीटची मरून रंगाची मखमल माझ्या गादीवर ताणून बसवली. त्या मखमलीला तिच्या स्वतःच्या आठवणी आहेत. तिच्यावर नवऱ्या मुली बसून चर्चला गेल्या आहेत, लेकरं आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली आहेत. कधी कधी मला कळत नाही की स्वप्न माझं आहे की मखमलीचं.

एलॉयनं मला त्याच्या मित्राला, त्रिनीला, भेट दिलं. त्रिनी तेव्हा तरणाबांड होता आणि सभागृहात पोरांना लढायला शिकवायचा. लढाई म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यातली. त्यात ठोसे चालतात, लाथा चालतात, कुस्तीसुद्धा चालते. पाच मिनिटांची एक फेरी. दोन फेऱ्यांच्या मध्ये एक मिनिट विश्रांती. ते एक मिनिट माझं! त्रिनी मला उचलून पिंजऱ्यात धावायचा, लढणारा माझ्यावर धपकन बसायचा, त्रिनी त्याच्या मानेवर बर्फ ठेवायचा आणि माझ्या पायावर बोटांनी ठेका धरायचा. चार ठेक्यांत श्वास आत, चार ठेक्यांत बाहेर. माझं सगळं आयुष्य असं एकेका मिनिटाचं आहे, पण त्या मिनिटांत मी माणसं जशी पाहिली तशी त्यांच्या बायकांनीही पाहिली नसतील.

आदेल्मो किंताना चौदा वर्षांचा असताना आला. काटकुळा, भुकेला, आणि पायात स्प्रिंग बसवल्यासारखा. आई-बाप नव्हते, मावशीनं वाढवलेला. पहिली लढत जिंकल्यावर आनंदाच्या भरात त्यानं माझ्यावर उडी मारली आणि माझा एक पाय वाकवला. तेव्हापासून मी डुगडुगतो. त्याच दिवशी त्यानं तोंडातलं च्युइंगम माझ्या गादीखाली चिकटवलं. मला राग आला नाही. घरच्या पोराची खोडी होती ती.

पुढे त्याचं नाव झालं आणि डोक्यात हवा गेली. फिनिक्सला मोठ्या व्यायामशाळेत गेला. तिकडून येणाऱ्या चित्रफितींत तो सोनेरी अंगरख्यात दिसायचा आणि स्वतःला राजा म्हणवायचा. हरलेल्या माणसाच्या अंगावरून पाय टाकून चालत जायचा. इकडे सभागृहातली पोरं एकेक करून गळाली. त्रिनीचे केस पांढरे झाले. मला तर कुणी दार उघडं ठेवायला लावलं, कुणी रंगाचे डबे ठेवायला. वर्षभर मी दाराची पाचर होतो, मित्रांनो. सांगायलाही लाज वाटते.

मग एका सप्टेंबरात आदेल्मो परतला. त्याला गावात स्वतःची व्यायामशाळा काढायची होती, आणि तीही आमच्याच सभागृहात. पाद्रीबाबा म्हणाले, तुमचं तुम्ही आपसात ठरवा. आमच्याकडे सकाळी रेडिओवर एक कार्यक्रम लागतो. त्यात वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात, हरवलेल्या शेळ्या असतात, आणि भांडणंही तिथेच होतात. आदेल्मो तिथे जाऊन बसला.

"त्रिनीनं मला काय शिकवलं सांगू? बसायला शिकवलं! दर फेरीनंतर म्हातारीसारखं स्टुलावर. मी दोन वर्षांत एकदाही बसलेलो नाही. जिंकणारे बसत नसतात."

त्रिनी तेव्हा सभागृहात मिरची घातलेली अंडी खात होता. त्यानं ताटली बाजूला सारली आणि थेट रेडिओला फोन लावला. रागाच्या भरात रेडिओवर बोलू नये, हे या खोऱ्यात सगळ्यांना माहीत आहे आणि एकालाही जमत नाही.

"जत्रेत माझ्या ओनेसिमोशी लढ," तो म्हणाला. "तो हरला तर सभागृहाची किल्ली तुझी. मी उंबरठा चढणार नाही."

"ओनेसिमो? शाळेची बस चालवतो तो? काका, त्याची पस्तिशी उलटलीय!"

"मग घाबरतोस कशाला?"

"घाबरतंय कोण! आणि ते डुगडुगं स्टूलही मीच घेणार. मावशीच्या चुलीत घालीन. मिरच्या चांगल्या भाजून निघतील."

हे सगळ्या खोऱ्यानं ऐकलं. मीही ऐकलं. त्या दिवशी ऊन माझ्या गादीपर्यंत चढलं तरी डुलकी लागली नाही.

ओनेसिमो आर्चुलेटा अबोल माणूस. पोरांना बसमधून उतरवून तो संध्याकाळी यायचा, घाम गाळायचा आणि जाताना दिवे मालवून जायचा. त्रिनीनं त्याला विचारलंसुद्धा नव्हतं. शब्द दिल्यावर दोन दिवसांनी विचारलं.

"लढशील ना?"

"रेडिओवर ऐकलं मी," ओनेसिमो म्हणाला. "बसमधली पोरं म्हणाली, काका, तुम्ही मरणार."

"मग तू काय म्हणालास?"

"सीटचे पट्टे लावा म्हणालो."

जत्रेचा दिवस उजाडला. त्या दिवसांत आमचं सगळं खोरं भाजलेल्या मिरच्यांच्या वासानं भरून जातं. मैदानात पिंजरा उभा केला होता. त्याच्याभोवती चकचकीत गाड्या ओळीनं लावल्या होत्या, आणि त्यांच्या टपांवर बसून माणसं कणसं खात होती. ऊन उतरतीला लागलं होतं आणि डोंगर निळे पडायला लागले होते. एलॉय आता चाकांच्या खुर्चीत असतो, त्यालाही आणला होता. त्यानं माझा जांभळा पाय रुमालानं पुसला. मला वाटलं, हा निरोपच घेतोय.

आदेल्मो आदल्या संध्याकाळीच फिनिक्सहून पोचला होता. तिकडे जमीन खाली, हवा दाट. आमचं गाव उंचावर, इथली हवा विरळ. इथेच वाढलेल्या पोराला हे सांगावं लागू नये, पण सोनेरी अंगरख्याखाली तो विसरला होता. त्याच्या सोबतीला फिनिक्सचे दोन गडी होते, हातात फोन घेऊन. स्टूल त्यांनी आणलंच नव्हतं.

पहिली फेरी त्याचीच. किती सुंदर लढायचा तो, खोटं का बोलू! ओनेसिमोचा डावा डोळा बघता बघता सुजला. मध्येच आदेल्मोनं दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि हनुवटी पुढे केली. फेरी संपली. त्रिनी मला घेऊन धावला आणि ओनेसिमो माझ्यावर बसला. समोरच्या कोपऱ्यात आदेल्मो उभाच. कमरेवर हात ठेवून तो वाकला, कण्हला, आणि म्हातारं माणूस स्टुलावर कसं बसतं त्याची नक्कल करून दाखवली. अख्खं मैदान हसलं. त्याचे गडी त्याची चित्रफीत काढत होते. मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

त्रिनीचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. त्याची बोटं माझ्या पायावर वाजत होती. चार आत, चार बाहेर.

दुसऱ्या फेरीत बघण्यासारखं काही झालं नाही, आणि तेच तर झालं. ओनेसिमोनं आदेल्मोला मिठी मारून जाळीला टेकवलं आणि आपलं सगळं वजन त्याच्यावर टाकून तो नुसता उभा राहिला. आदेल्मो सुटायचा, तो पुन्हा धरायचा. लोक कंटाळून ओरडले. "अहो, नाचताय का?" कुणीतरी विचारलं. पण मला आदेल्मोचं तोंड दिसत होतं. ते उघडं होतं.

पुन्हा माझं मिनिट आलं. आदेल्मो पुन्हा उभा. या वेळी नक्कल नाही. एका हाताची बोटं त्यानं जाळीत अडकवली होती. आणि मग, मित्रांनो, त्यानं माझ्याकडे पाहिलं. ओनेसिमोकडे नाही, त्रिनीकडे नाही, माझ्याकडे. तहानलेला माणूस दुसऱ्याच्या तांब्याकडे बघतो तसं.

मिरच्यांच्या चुलीजवळून त्याची मावशी, क्लेओफास, चिमटा हलवत ओरडली, "आदेल्मो, बस रे बाबा जरा! गुडघे टेक! कुणी बघत नाहीये!"

दोन हजार माणसं बघत होती. सगळी खदखदून हसली. आदेल्मोनं हात जाळीतून काढला आणि ताठ उभा राहिला. बसला नाही.

"त्याची पोटरी पाहिलीस?" त्रिनीनं हळूच विचारलं.

"थरथरतेय," ओनेसिमो म्हणाला.

"डोळा कसाय?"

"दुसरा चांगलाय."

तिसरी फेरी मला अजून स्वप्नात दिसते तशीच संथ सुरू झाली. आदेल्मोला चमत्कार करून दाखवायचा होता. त्यानं गिरकी घेतली, हवेत लाथ फिरवली. फिनिक्समध्ये ती लाथ सुंदर बसली असती. इथे खालचा पाय लटपटला, गुडघा मुडपला, आणि राजेसाहेब पिंजऱ्याच्या मधोमध पाय पसरून दाणकन बुडावर आपटले. कुणी मारलं नाही, कुणी ढकललं नाही. माझ्या मखमलीवर जो बसला नाही, तो सगळ्या गावासमोर जमिनीवर बसला!

मग मावशीचाच आवाज आला, "हां, आता कसा बसला!"

ओनेसिमो घाईनं नाही, बसथांब्यावर गाडी लावावी तसा आदेल्मोच्या मागे गेला आणि त्याच्या मानेभोवती हात गुंफला. आदेल्मो धडपडला, लालबुंद झाला आणि शेवटी त्यानं ओनेसिमोच्या दंडावर तीन थापा मारल्या. या खेळात त्याचा अर्थ एकच. सोड, हरलो.

काय गोंधळ झाला म्हणून सांगू! गाड्यांचे भोंगे वाजले, बटण दाबलं की उसळणाऱ्या त्या सजवलेल्या गाड्या पुढची चाकं उचलून उड्या मारायला लागल्या, मावशी हसता हसता चिमटा हरवून बसली. बसमधली पोरं "पट्टे लावा! पट्टे लावा!" असं ओरडत होती. आणि मी? मला पोट असतं तर ते दुखलं असतं. किल्ली वाचली, मी चुलीत जाणार नव्हतो, पण खरं सांगतो, मला त्याचा आनंद नंतर झाला. आधी आनंद झाला तो त्या दाणकन आवाजाचा. चोरून साखर खावी तसा मी तो चाखत होतो.

आदेल्मो सरपटत जाळीपर्यंत पोचला होता, पण त्याला उभं राहता येत नव्हतं. उठायचा, पाय गळायचे, पुन्हा जाळी धरायचा. त्याचे दोन गडी पंचाशी हुज्जत घालत होते. भोंगे वाजतच होते. लोक त्याच्याच नकला करत होते, कमरेवर हात ठेवून, कण्हत.

तेव्हा त्रिनीनं मला उचललं. मला वाटलं, घरी निघालो. पण तो पिंजरा ओलांडून सरळ आदेल्मोकडे गेला आणि मला त्याच्या गुडघ्यांमागे ठेवलं.

"बस."

"नको, काका."

"बस म्हणतो ना, गाढवा."

तो बसला. बारा वर्षांनी तेच वजन. जड झालं होतं, पण तेच. तोल सावरायला त्यानं बोटं माझ्या गादीखाली घातली आणि ती तिथेच थांबली. च्युइंगम अजून होतं, दगडासारखं घट्ट. तो त्यावरून अंगठा फिरवत राहिला. त्याच्या नाकावरून पाण्याचे थेंब माझ्या पायावर पडले. ते घामाचे असतील असं मी धरून चालतो.

"काका, हा पाय अजून हलतोय," तो म्हणाला.

"कुणी वाकवला?"

त्रिनीनं खाली बसून माझ्या पायावर बोटं ठेवली. चार आत, चार बाहेर. माझा आनंद गेला नाही, मित्रांनो, तसं म्हणालो तर खोटं होईल. तो जरा सरकून बसला, दुसऱ्यासाठी जागा करावी तसा.

पुढच्या मंगळवारी आदेल्मो सभागृहात आला. हातात पाना होता. आल्याआल्या त्यानं मला उलटं केलं, पाय सरळ केला, सगळे स्क्रू आवळले. च्युइंगम तेवढं काढलं नाही. त्रिनीनं त्याच्याकडे पाहिलं आणि पाण्याची बादली त्याच्या हातात दिली.

तुम्हाला माझं सांगणं एवढंच आहे. तुमच्या घरातही एखादं डुगडुगतं स्टूल असेल, त्याचे स्क्रू वर्षातून एकदा तरी आवळा. त्याला दाराची पाचर करू नका. आणि पाय थरथरत असताना कुणी तुमच्यामागे बसायला काही आणून ठेवलं, तर कोण बघतंय ते बघू नका.

परवा इसेला नावाच्या पोरीची पहिली लढत होती. पहिली फेरी संपली तेव्हा मला घेऊन पिंजऱ्यात धावला तो आदेल्मो. इसेला हनुवटी वर करून उभी. तिनं माझ्याकडे तुच्छतेनं पाहिलं.

"मला नको ते. मी दमले नाहीये."

आदेल्मोनं माझ्या मखमलीवर दोनदा हातानं थोपटलं.

"मीही दमलो नव्हतो," तो म्हणाला.

ती बसली.